एकाच नावाच्या दोघी

आईच्या नावाचे पान संगीताच्या स्ट्रीमिंग सेवेवर मी पहिल्यांदा उघडले, तेव्हा त्यावर एका अनोळखी तरुणीचे छायाचित्र होते. छायाचित्राखाली आईचे नाव होते, नावाखाली त्या तरुणीची नृत्यसंगीताची गाणी होती आणि त्याच रांगेत, नवे प्रकाशन म्हणून सर्वांत वर, आईच्या एकल व्हायोलिनवादनाचा संग्रह होता. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. तिचे वादन पुन्हा कुणाच्या तरी कानावर पडावे म्हणून मी जवळजवळ वर्षभर खपले होते, आणि ते ज्या दिवशी लोकांसमोर आले त्याच दिवशी दुसऱ्याच व्यक्तीचे ठरले होते. ही चूक निस्तरायला मला आठ महिने लागले. ती कशी घडली, दुरुस्ती कुठे अडली आणि दुरुस्तीनंतरही काय उरले, हे असा प्रसंग येईल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. आईचे नाव मात्र मी इथे देणार नाही, कारण ते दुसऱ्याही एका व्यक्तीचे नाव आहे आणि तिचा यात काहीही दोष नव्हता.

आईने हयातीत ध्वनिमुद्रिका अशी काढली नाही. तिच्या मागे राहिल्या त्या कॅसेट. काही कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेल्या, काही घरी सरावाच्या वेळी. त्यांतील वाजण्याजोग्या निवडून, फितीची खरखर जितकी आवरेल तितकी आवरून, अकरा ध्वनिमुद्रणे तयार झाली. एक चाचणी म्हणून आधी स्वतंत्रपणे प्रकाशित केले आणि उरलेली दहा पुढे संग्रह म्हणून. मोठ्या स्ट्रीमिंग सेवा सहसा कलाकाराकडून थेट ध्वनिमुद्रणे घेत नाहीत. मध्ये वितरक लागतो, आणि आपण त्याच्याकडे भरलेली माहितीच, म्हणजे मेटाडेटा, सगळ्या सेवांकडे जाते. वितरकाच्या अर्जात नाव, शीर्षक, संगीतकार, प्रकाशनाचे वर्ष हे सारे मी काळजीने भरले. शेवटी एक ऐच्छिक चौकट होती: हा कलाकार सेवेवर आधीपासून आहे का, असल्यास त्याचे पान निवडा, नसल्यास नवे पान हवे असे नोंदवा. आई तिथे आधी असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी ती चौकट रिकामी सोडली. पहिले ध्वनिमुद्रण प्रकाशित झाले तेव्हाही वितरकाने पाठवलेल्या दुव्यावरून ते वाजते आहे एवढेच मी पाहिले, ते कुणाच्या पानावर गेले आहे हे पाहिले नाही. सगळ्या गोंधळाचे मूळ त्या एका रिकाम्या चौकटीत आहे, हे मला पुढे तीन महिन्यांनी समजले.

ध्वनिमुद्रणाला ओळख असते, प्रकाशनाला ओळख असते, पण माणसाची ओळख बहुधा नावावरच सोडलेली असते, हे या व्यवहाराचे मर्म आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. प्रत्येक प्रकाशनाला दुकानातल्या वस्तूला असतो तसा बारकोडचा क्रमांक असतो. माझ्या अकराही ध्वनिमुद्रणांना हे क्रमांक मिळाले होते आणि ते बिनचूक होते. परंतु आयएसआरसी फक्त एवढेच सांगतो की हे ध्वनिमुद्रण त्या ध्वनिमुद्रणापेक्षा वेगळे आहे. ते कुणी वाजवले हे तो सांगत नाही. वाजवणाऱ्याची ओळख पटवणारा क्रमांक अर्जात दिलेला नसला, की सेवेच्या यंत्रणेपुढे उरते ते केवळ अक्षरांच्या एका ओळीसारखे नाव. तीच अक्षरे असलेले पान तिच्याकडे आधीच असेल, तर ती नवे प्रकाशन त्या पानावर नेऊन ठेवते.

यात लिपीचाही मोठा वाटा आहे, आणि तो आपल्यासारख्यांच्या नीट ध्यानात येत नाही. ही माहिती बहुतेक वेळा रोमन लिपीत भरली जाते, आणि रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, न-ण हे भेद पुसले जातात. ‘कमल’ आणि ‘कमाल’ ही दोन वेगळी नावे तिथे एकाच अक्षरांनी लिहिली जातात. आईचे आणि त्या तरुणीचे नाव खरे पाहता एक नाहीच. त्या दोघींच्या भाषा वेगळ्या, उच्चार वेगळे, मूळ लिपीतील अक्षरे वेगळी. रोमन लिपीत उतरल्यावर मात्र दोन्ही नावे तंतोतंत जुळली. जगातील ज्या ज्या भाषा अन्य लिपीत लिहिल्या जातात, त्या सर्वांतील कलाकारांवर हा प्रसंग येऊ शकतो. उलट प्रकारची चूकही होते: ज्या वाद्यवृंदाच्या नावातच स्वल्पविराम आहे, त्याचे नाव तोडून यंत्रणा दोन-तीन वेगळे कलाकार तयार करते.

नाव चुकीच्या पानावर गेले, एवढ्यावर हे थांबले असते तर ती एक चुकीची पाटी ठरली असती. परंतु स्ट्रीमिंग सेवेत कलाकाराचे पान हे शिफारशींचे मूळ असते. कुणाला काय ऐकवावे हे ठरवण्याची एक जुनी आणि अजूनही प्रभावी पद्धत अशी, की ज्या श्रोत्यांनी ‘अ’ ऐकले त्यांपैकी पुष्कळांनी ‘आ’ही ऐकले असेल, तर ‘अ’ आणि ‘आ’ जवळचे मानायचे. या पद्धतीला संगीत कळावे लागत नाही. तिला श्रोत्यांची सोबत तेवढी दिसते. आईच्या पानाला त्या तरुणीचे सगळे श्रोते आयते मिळाले होते आणि त्यांच्या सवयींवरून आईचे ‘समान कलाकार’ ठरले होते. माझ्या एका मैत्रिणीने आईचे संथ वादन रात्री शांतपणे ऐकायला घेतले, तर ते संपताच ॲपने आपणहून लावलेले पुढचे गाणे दणदणीत ठेक्याचे होते. तिला वाटले, आपल्याकडून काही चुकीचे दाबले गेले.

त्याहून खोल नुकसान उलट बाजूने होत होते. त्या तरुणीला फॉलो करणाऱ्यांना नव्या प्रकाशनाची सूचना गेली, आणि त्यांनी नृत्यसंगीताच्या अपेक्षेने आईचे वादन उघडले. वितरकाच्या अहवालात पहिल्या आठवड्यात ऐकणाऱ्यांची संख्या माझ्या कल्पनेपलीकडे वर गेली आणि मी भाबडेपणाने आनंदले. दुसऱ्या आठवड्यात ती कोसळली आणि तिसऱ्यात जवळजवळ शून्यावर आली. अनेक सेवांवर ३० सेकंद ऐकल्यावर ते एकदा ऐकले असे मोजले जाते. आईचे वादन पहिल्या मिनिटात अजून एकाच स्वराभोवती रेंगाळत असते. ज्याला ठेका हवा आहे तो तिथे थांबणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. परंतु पुढे सरकवण्याची प्रत्येक कृती शिफारशींच्या यंत्रणेला काही ना काही शिकवते. हे वादन चुकीच्या माणसांपुढे ठेवले गेले, हे तिला कळायला मार्ग नसतो. हे वादन लोकांना नको आहे, एवढाच अर्थ तिच्या हाती लागतो. आधी ओळख चुकली, चुकीच्या ओळखीने चुकीचे श्रोते आणले आणि त्या श्रोत्यांचा नकार आईच्या वादनाविरुद्धचा पुरावा म्हणून जमा झाला. मला सर्वांत जास्त दुखले ते हे. आई हयात असताना तिचे वादन थोड्याच लोकांनी ऐकले, पण जे ऐकत ते बसून ऐकत.

नामसाधर्म्याची ही अडचण केवळ अप्रसिद्ध कलाकारांची आहे असे नाही. चित्रपटांना संगीत देणारे अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स १९३२ साली जन्मले आणि अभिजात गिटार वाजवणारे जॉन विल्यम्स १९४१ साली ऑस्ट्रेलियात जन्मले. या दोघांत घोळ होऊ नये म्हणून नावापुढे वाद्य किंवा काम लिहावे लागते. बिल एव्हन्स यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. या नावाचे एक पियानोवादक १९५०च्या दशकाच्या अखेरीस विख्यात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासोबत वाजवत होते आणि १९८० साली वारले. याच नावाचे दुसरे, सॅक्सोफोनवादक, १९५८ साली जन्मले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेही माइल्स डेव्हिस यांच्यासोबतच वाजवत होते. नाव एक, संगीतप्रकार एक, सोबतीचा कलाकारही एक. अशा वेळी आजूबाजूला कोण आहे यावरून माणूस ओळखण्याची युक्ती साफ फसते, आणि नावापलीकडचे काहीतरी निश्चित हाताशी असावे लागते, हे या उदाहरणाने मला पटले.

दुरुस्तीसाठी मी आधी सेवेच्या मदत विभागाकडे गेले. तिथे सांगण्यात आले की पानाविषयीची विनंती त्या पानाचा पडताळणी झालेला मालकच करू शकतो. म्हणून मी पानावर हक्क सांगण्याचा अर्ज केला. तो फेटाळला गेला, कारण त्या पानाची पडताळणी आधीच झालेली होती. अर्थात ती त्या तरुणीची होती आणि ती योग्यच होती. मग उत्तर आले की ध्वनिमुद्रणांची माहिती वितरकाकडून येते, त्यामुळे वितरकाशी संपर्क साधावा. वितरकाने कळवले की आमच्याकडील माहिती अचूक आहे, पान सेवा ठरवते, म्हणून सेवेशी संपर्क साधावा. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी होती, आणि त्या दोन खऱ्या उत्तरांच्या मध्ये माझे प्रकरण पाच आठवडे भिजत पडले. पैशांचा प्रश्न असता तर कदाचित लवकर हालचाल झाली असती. परंतु मानधन कलाकाराच्या पानावरून ठरत नाही, ते ध्वनिमुद्रण ज्याने पुरवले त्याच्या खात्यावर जाते, आणि ते बरोबर जात होते. हिशेबाच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते. बिघडले होते ते ओळखीत, आणि त्यासाठी अर्जात रकानाच नव्हता.

माझ्या पहिल्या तीन पत्रांत मी आईविषयी लिहिले होते. ती कोण होती, कुणाकडे शिकली, ध्वनिमुद्रणे कशी वाचली, हे सारे मनापासून लिहिले होते. त्या पत्रांना आलेली उत्तरे तयार साच्यातली होती. चौथ्या वेळी मी आईविषयी एक वाक्यही लिहिले नाही. एक तक्ता केला: प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे शीर्षक, त्याचा आयएसआरसी, प्रकाशनाचा बारकोड क्रमांक, ते सध्या ज्या चुकीच्या पानावर आहे त्याचा दुवा आणि ‘या नावाने स्वतंत्र नवे पान तयार करून ही ध्वनिमुद्रणे तिथे हलवावीत’ एवढी एकच मागणी. सोबत आईच्या एका जुन्या कार्यक्रमपत्रिकेची प्रत, मृत्यूचा दाखला आणि मी वारस असल्याचा पुरावा जोडला. या पत्राला माणसाने लिहिलेले उत्तर आले. ज्यांना अशी विनंती करायची असेल त्यांनी पहिल्याच दिवशी असा तक्ता पाठवावा, आणि ‘हे माझे नाही, काढा’ असे न लिहिता ‘हलवा’ असेच लिहावे. काढण्याची विनंती केली, तर ध्वनिमुद्रण संपूर्ण सेवेवरूनच उतरण्याचा धोका असतो.

दिवंगत कलाकाराची पडताळणी हा वेगळाच विषय निघाला. पडताळणीसाठी कलाकाराचे ओळखपत्र मागतात, त्याच्या सक्रिय समाजमाध्यम खात्याशी जोडणी मागतात. जी व्यक्ती या माध्यमांच्या आधीच्या काळात वाजवून गेली, तिच्याकडे यांतले काहीच नसते. माझी पडताळणी कलाकाराची प्रतिनिधी म्हणून झाली, पण त्यासाठी आणखी तीन आठवडे गेले. इतकी चौकशी करणे मला त्रासदायक वाटले तरी अनाठायी वाटले नाही. अमेरिकन गायक-गीतकार ब्लेझ फोली १९८९ साली वारले, आणि २०२५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचे दिसणारे एक गाणे त्यांच्या अधिकृत पानावर त्यांच्याच नावाने प्रकट झाले. नंतर ते काढून टाकावे लागले. मृत माणूस आपल्या नावावर काय चढवले जाते आहे ते पाहू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारा कोण, हे तपासलेच पाहिजे. माझा आक्षेप एवढाच आहे की ज्या कसोशीने मला पान दुरुस्त करण्यासाठी तपासले गेले, तिचा अंशही आईचे वादन दुसरीच्या पानावर चढवताना दाखवला गेला नव्हता.

प्रकरण खऱ्या अर्थाने हलले ते मी त्या तरुणीला पत्र लिहिल्यावर. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. परंतु मनात एक अढी होती, जणू तिनेच आईची जागा घेतली आहे. तिचे उत्तर दोन दिवसांत आले, आणि ते वाचून मला स्वतःची लाज वाटली. तिच्या पानावर अचानक व्हायोलिनचा संग्रह आल्यावर तिच्या श्रोत्यांनी तिला विचारायला सुरुवात केली होती. तिच्या स्वतःच्या गाण्यांशेजारी शांत वाद्यसंगीताच्या शिफारशी दिसू लागल्या होत्या. नवे गाणे प्रकाशित करण्याच्या सुमारास हे घडल्याने तिच्या गाण्याची सूचना मागे पडली, असे तिचे म्हणणे होते. कुणीतरी तिचे श्रोते पळवण्यासाठी मुद्दाम तिच्या नावाने हे चढवले असावे, असा तिचा समज झाला होता; तसे प्रकार होत असल्याने तो समज गैरवाजवी नव्हता. मी तिला माझा तक्ता पाठवला. पानाची पडताळणी झालेली मालक म्हणून तिने तोच तक्ता आणि तीच मागणी स्वतःच्या खात्यातून सेवेकडे पाठवली, आणि सहा दिवसांत संग्रहातील दहाही ध्वनिमुद्रणे नव्या पानावर गेली. मी तीन महिने जे मागत होते ते तिने एकदा मागितल्यावर मिळाले. ज्याच्या पानावर परके आले त्याचे ऐकण्याची सोय यंत्रणेत आहे. जो परक्या पानावर जाऊन पडला त्याचे ऐकण्याची सोय फार अपुरी आहे.

अकरावे ध्वनिमुद्रण, म्हणजे चाचणीसाठी आधी प्रकाशित केलेले, जुन्याच पानावर राहिले. त्याचा बारकोड वेगळा होता आणि दुरुस्ती बारकोडनिहाय झाली होती, हा त्याचा खुलासा. त्यासाठी पुन्हा पत्र, पुन्हा तिचे सहकार्य, पुन्हा दोन आठवडे. तेही संपल्यावर मी निश्चिंत झाले आणि संग्रहातील एका शीर्षकाचे शुद्धलेखन वितरकाकडे दुरुस्त केले. दोन दिवसांनी पाहते तो संपूर्ण संग्रह पुन्हा त्या तरुणीच्या पानावर. शीर्षक बदलले की वितरक सर्व माहिती नव्याने पाठवतो, आणि सेवेच्या बाजूला नावावरून पान शोधण्याची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून होते. आमची दुरुस्ती सेवेच्या नोंदीत झाली होती. जिथून माहिती उगम पावते त्या वितरकाच्या नोंदीत ती रिकामी चौकट अजून रिकामीच होती. तो दिवस मला फार जड गेला. शेवटी वितरकाने आईच्या नवीन पानाचा क्रमांक तिच्या नावाशी कायमचा जोडला, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या पाठवणीत तो क्रमांक जाऊ लागला. हे काम दहा मिनिटांचे होते. ते पहिल्या दिवशी झाले असते तर पुढचे काहीच घडले नसते, म्हणून प्रकाशनापूर्वी वितरकाला हा एक प्रश्न विचारल्यावाचून कुणीही राहू नये.

याच काळात वितरकाच्या एका कर्मचाऱ्याने सद्हेतूने सुचवले की आईच्या नावापुढे वाद्याचे नाव किंवा एखादे आद्याक्षर जोडावे, म्हणजे प्रश्न मिटेल. अनेक कलाकार तसे करतात. अभिनेत्यांच्या संघटनांत तर एकाच नावाचे दोन सभासद चालत नाहीत; मायकल कीटन यांचे जन्मनाव मायकल डग्लस होते आणि त्या नावाचे प्रसिद्ध अभिनेते आधीच असल्याने त्यांनी ते बदलले. पण तो त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय होता. आईला विचारण्याची सोय नव्हती. जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर, कॅसेटच्या पाकिटांवर तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात जे नाव आहे, ते यंत्रणेला दोन माणसे वेगळी ओळखता येत नाहीत म्हणून मी बदलावे, हे मला मान्य झाले नाही. त्या तरुणीनेही बदलावे असे मला वाटले नाही. तिचे नाव तिला तिच्या आजीवरून ठेवले आहे, असे तिने लिहिले होते.

नाव न बदलता माणूस वेगळा दाखवता येतो, हे ग्रंथपालांनी फार पूर्वी करून दाखवले आहे. एकाच नावाचे दोन लेखक असले की ग्रंथालयाच्या तालिकेत नावापुढे जन्मवर्ष लिहिले जाते. लेखकाचे नाव तसेच राहते, नोंद मात्र वेगळी होते. संगीताच्या क्षेत्रातही अशी साधने आहेत. आयएसएनआय हा व्यक्तीची आणि संस्थेची ओळख सांगणारा १६ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक २०१२ सालापासून प्रमाणित आहे आणि तो दिवंगत व्यक्तींनाही मिळतो. आईसाठी मी तो मिळवला. डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रिकांची सूची देणाऱ्या संकेतस्थळावर एकाच नावाचे अनेक कलाकार नावापुढील कंसातल्या क्रमांकाने वेगळे केलेले दिसतात. म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीसंग्रहात कुणालाही नोंद करता येते, प्रत्येक कलाकाराला कायमचा स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो आणि सारख्या नावांसाठी भेद सांगणारी एक छोटी टीप लिहिण्याची जागाही असते. तिथे आईच्या नावापुढे मी ‘व्हायोलिनवादक’ एवढाच शब्द लिहिला. तो शब्द नावात घुसलेला नाही, नावाच्या शेजारी उभा आहे, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अडचण अशी की हे क्रमांक असले तरी प्रत्येक वितरकाच्या अर्जात ते भरायला जागा असतेच असे नाही, आणि जागा असली तरी ती सक्तीची नसते.

वेगळे पान मिळाल्यावर शिफारशीही लगेच सुधारतील अशी माझी समजूत होती. तसे झाले नाही. नव्या पानाला श्रोते नव्हते, म्हणून सोबतही नव्हती. ‘समान कलाकार’ ही जागा कित्येक आठवडे कोरी राहिली. ज्याचा काहीच पूर्वेतिहास नाही त्याची शिफारस कशी करावी, ही या क्षेत्रातील जुनी समस्या आहे. तिच्यावर एक उपाय म्हणजे श्रोत्यांऐवजी थेट ध्वनीचेच विश्लेषण करणे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या, साहाय्याने ध्वनीवरून शिफारस करण्याची पद्धत मांडली होती, आणि त्यानंतर ती दिशा पुष्कळ पुढे गेली आहे. हे वाचल्यावर माझ्या मनात जो प्रश्न आला तो अजून गेलेला नाही. यंत्रणेला ध्वनी ऐकता येतो, तर एकटे व्हायोलिन आणि यंत्रनिर्मित ठेका एकाच पानावर येताना तिला संशय का आला नाही? याचे एक उत्तर असे की कलाकार बदलतात. नृत्यसंगीत करणाऱ्याने उद्या व्हायोलिन वाजवू नये असा नियम नाही, आणि यंत्रणेने तशी मनाई करणेही चूक ठरेल. ते मला मान्य आहे. पण मनाई करणे आणि विचारणे यांत अंतर आहे. पानाच्या मालकाला एक सूचना पाठवून ‘हे प्रकाशन आपलेच आहे का’ असे जोडण्यापूर्वी विचारता येते. त्या तरुणीने एका शब्दात नाही म्हटले असते, आणि आठ महिन्यांचा हा पत्रव्यवहार करावा लागला नसता. ध्वनीवरून काय ऐकवावे हे ठरवणारी यंत्रणा आणि नावावरून पान ठरवणारी यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्यांना बोलते करणे अशक्य आहे असे मला वाटत नाही.

मला करता येण्याजोगे जे होते ते मी केले. ज्यांना संथ वाद्यसंगीत खरोखर आवडते अशा ओळखीच्यांना नव्या पानाचा दुवा पाठवला आणि विनंती केली की ऐकायचे असेल तर सवडीने, पूर्ण ऐका. केवळ मला बरे वाटावे म्हणून वाजवत ठेवू नका. संख्या फुगवून पुन्हा एक खोटी ओळख तयार करण्याची माझी इच्छा नव्हती. हळूहळू ती कोरी जागा भरू लागली. आधी एक चेलोवादक आला, मग दोन व्हायोलिनवादक, ज्यांची नावे मी कधी ऐकली नव्हती. त्यांतील एकाचे वादन मी शेवटपर्यंत ऐकले, आणि आईला ते आवडले असते असे वाटले.

काही गोष्टी अजून जुळलेल्या नाहीत. बोलून आज्ञा देण्याच्या यंत्राला आईचे नाव सांगितले, तर ते अधिक ऐकल्या जाणाऱ्या नावाकडे वळते आणि त्या तरुणीचे गाणे लावते. आईचे वादन हवे असेल तर संग्रहाचे नाव उच्चारावे लागते. एका दुसऱ्या सेवेवर आईच्या संग्रहाखाली त्या तरुणीचा परिचय बरेच दिवस दिसत होता. तो तिथून निघाला, पण कुठल्या माहितीसंग्रहातून तो तिथे आला होता हे मला कुणी सांगू शकले नाही.

२०१५ सालापासून जगभर नवे संगीत सहसा शुक्रवारी प्रकाशित होते, म्हणून दर शुक्रवारी मी दोन्ही पाने उघडून पाहते. ती तरुणीही पाहते. गेल्या महिन्यात तिचा पहिला संग्रह प्रकाशित झाला, आणि त्या सकाळी तो माझ्याआधी तिनेच तपासला होता. मी पान उघडेपर्यंत तिचा निरोप आलेला होता की सगळी बारा गाणी तिच्याच पानावर आहेत आणि आईच्या पानावर अकराच ध्वनिमुद्रणे आहेत.